नववीतला मुलगा एकाएकी गप्प झालाय, मार्क ठीक आहेत, शाळेत समुपदेशक नाही. कुणाशी बोलावं?

वर्गशिक्षकांशी. आणि पालकसभेची वाट पाहू नका. त्या दिवशी सरांपुढे चाळीस पालक प्रगतिपुस्तकावर सही करायला उभे असतात, तिथे तुमच्या मुलाच्या वाट्याला दीड मिनिट येईल.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत गणित शिकवायचो, निवृत्त होईपर्यंत बरीच वर्षं नववीचा वर्ग माझ्याकडे असायचा. त्यावरून सांगतो, मार्क ठीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. हुशार मुलाचे मार्क सगळ्यात शेवटी घसरतात. त्याआधी कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, बोलतो. कुठल्या वारी दांडी, कुठल्या तासाला पोटात दुखतं, डबा खायची जागा कधी बदलली, हे विचारा. सरांना आठवत नसेल तर हजेरी उघडून बघायला सांगा.

हे मला उशिरा कळलं. माझ्या वर्गातला एक मुलगा शनिवारी यायचाच नाही. मी प्रगतिपुस्तकात 'अनियमित' असा शेरा मारून मोकळा झालो. सहामाहीनंतर सहज विचारलं तेव्हा कळलं, शनिवारी सकाळची शाळा साडेसातची आणि त्याच्या गावची पहिली एसटी पोचायची आठनंतर. उशिरा येणाऱ्यांना आम्ही परिपाठ संपेपर्यंत मैदानात वेगळं उभं करायचो, सगळ्या मुलींसमोर. चौदा वर्षांच्या पोराला त्यापेक्षा घरी बसणं सोपं. मुख्याध्यापकांशी बोलून एसटीच्या मुलांना थेट वर्गात यायची परवानगी घेतली, एवढंच केलं. पुढच्या शनिवारी तो आला. शेरा मात्र शाईने लिहिला होता, तो तसाच राहिला.

शाळेत यासाठी काहीच सोय नाही असं नाही. नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' हा विषयच आहे. पण तो श्रेणीचा, म्हणून त्याचा तास बहुतेक वेळा गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या मास्तरांनी खाल्लेला असतो. मीही खाल्लाय, खोटं कशाला बोलू. 2022 पासून सरकारने शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायला सांगितलं आहे. तुमच्या शाळेत तिच्यावर कोण आहे ते ऑफिसात विचारा. कुणी त्रास देत असल्याचा संशय असेल तर ते नाव उपयोगी पडतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 'सर, त्याने सांगितलेलं आम्हालाही सांगू नका, पण त्याला बोलतं करा' असं पालक म्हणतात, आणि भाबडे शिक्षक मुलाला 'कुण्णाला सांगणार नाही' असं वचन देऊन बसतात. ते देता येत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मी मुलांना म्हणायचो, 'वर्गात कुणाला कळणार नाही, पण तुला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही.' तरी मुलं बोलायची. काही तर तेवढ्यासाठीच बोलायची.

मुलगा जेवत-झोपत नसेल, किंवा 'मी नसतो तर बरं' असलं काही बोलला असेल, तर शाळेपाशी थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मुलाला स्वतःला फोन करायचा असेल तर चाइल्डलाइनचा 1098 आहे.

आणि शाळेत जाणार आहात हे मुलाला आधी सांगा. आईबाप आपल्या मागून सरांना भेटून गेले हे नववीतल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गातूनच कळतं, मग तो घरीही बोलायचा बंद होतो. मधल्या सुट्टीत जाऊ नका, सर डबा खात असतात आणि स्टाफरूममध्ये दहा कान असतात. सरांचा ऑफ तास कधी असतो ते शिपायाला विचारा, अख्ख्या शाळेचं वेळापत्रक त्याला पाठ असतं.