परतवाड्यात कॉफीचा ठेला टाकतोयस तर

भाऊ, मशीन आली म्हणून लगेच बारा प्रकारांचा बोर्ड रंगवू नको. आधी नुसती एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबानं काढलेली दाट, बिनदुधाची कॉफी, जमव: 18 ग्रॅम पावडर, 25 ते 30 सेकंद, कपात साधारण 36 ग्रॅम. धार बारीक, सलग पडली पाहिजे. भसाभसा आली तर दळण जाड. थेंब थेंब आली तर फार बारीक.

ती छोट्या जाड कपात द्यायची, कप आधी गरम करून, सोबत पाण्याचा ग्लास. गिऱ्हाइकाला आधीच सांग की एवढीशीच असते, नाहीतर "बाकीची कुठं हाय?" सुरू होतं. तिच्यात गरम पाणी म्हणजे अमेरिकानो, चमचाभर दुधाचा फेस म्हणजे माकियातो. तिच्यात गरम दूध घातलं की कापुचिनो, दीडशे-पावणेदोनशे मिलीच्या कपात, वर बोटभर फेस. लाटे मोठ्या ग्लासात, दूध जास्त, फेस पातळ. दूध 65 अंशांपुढे नको, गोडवा मरतो. थर्मामीटर नसला तर मशीनच्या वाफेनं दूध तापवताना भांड्याला तळहात लावून ठेव, सोसवेना की वाफ बंद.

मे महिन्यात मात्र माझं मत अफोगातोला. व्हॅनिला आइसक्रीमचा गोळा, अन् त्यावर गरम एस्प्रेसो गिऱ्हाइकासमोरच ओतायची. चिखलदऱ्याला निघालेली पोरं हेच मागतील. तिथल्या मळ्यातली कॉफी मिळाली तर तीही करून पाहा.