भांग म्हणजे गांजा नव्हे

सुदामानगरातल्या एका ताईंनी विचारलंय : 'कॅनडात गांजा खुला झाला. आपल्या इंदुरात भांगेची परवान्याची दुकानं आहेतच. मग भांग आणि गांजा एकच ना?'

नाही! झाड एक, अंगं निराळी. पानं ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, राळ ती चरस. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंही हीच वाटणी मानली. शेंडे आणि राळ बंदीत, नुसती पानं व्याख्येबाहेर, म्हणून भांगेचा ठेका चालतो. कॅनडानं २०१८ साली मोकळीक दिली ती मात्र गांजालाही. 'गांजा-भांग खुली करा' किंवा 'बंद करा' असं एका दमात म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. आधी कशाबद्दल बोलताय ते ठरवा. आणि भांग व्याख्येबाहेर आहे म्हणून रंगपंचमीच्या गेर या मिरवणुकीहून झिंगत स्कूटर हाकायची मुभा मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचं १८५वं कलम तिथे आहेच.

आता 'गांजा' या शब्दाकडे येऊ. परवा एका वक्त्यानं 'जो गांजतो तो गांजा' म्हणून टाळ्या घेतल्या. साफ चूक. गांजणं हे तुच्छ लेखण्याच्या अर्थाच्या 'गञ्जन'च्या घरातलं. काहींना 'गांजा'त गंगा दिसते. 'ग'चा 'ज' कसा झाला, हे ते सांगत नाहीत.

अमरकोश उघडा : 'गञ्जा तु मदिरागृहम्'. संस्कृतात गञ्जा म्हणजे गुत्ता, मद्याचं भांडं, आणि हीच वनस्पतीही. कोशकार हे अर्थ शेजारी शेजारी मांडतात, सांधत नाहीत. एवढा कसला संकोच? माझं ठाम मत आहे की गुत्त्याचं नाव तिथल्या मालाला चिकटलं. 'भङ्गा'ची भांग झाली, तसा 'गञ्जा'चा गांजा. जोडाक्षरामागचा स्वर लांबवणं ही मराठीची जुनी सवय. मग आपल्या इंदुरातल्या मल्हारगंज, सियागंज या पेठांतला 'गंज'? तो मूळचा इराणी, अर्थ खजिना, कोठार. संस्कृतातला 'गञ्ज' तिकडूनच आला, आणि गञ्जाही मी त्याच कुळात बसवतो. पण बाजाराचा गंज फारसीच्या वाटेनं उशिरा आला, म्हणून त्याचा स्वर आखूड राहिला. आजी ज्या गंजात दूध तापवायची, तो गंजही मला त्या मद्याच्या भांड्याचाच वंशज वाटतो.