एवढ्याशा गावात एवढा मोठा ऑर्गन?

प्रश्न : मुलगा हॅम्बुर्गला असतो, त्याने आम्हाला काप्पेल नावाच्या खेड्यात नेलं, तिथल्या चर्चमध्ये भिंतभर ऑर्गन, १६८० सालचा म्हणे! एवढ्याशा गावाला हा परवडला कसा? आणि आमच्या संगीत नाटकात पायाने भाता मारत वाजवायचे तो ऑर्गन म्हणजे हाच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : परवडला कारण सेकंडहँड घेतला! आर्प श्निटगर या नामी कारागिराने तो बनवला हॅम्बुर्गच्या सेंट योहानिस चर्चसाठी. पुढे १८१० मध्ये काप्पेलचं चर्च जळालं, तिकडे फ्रेंच सैन्याच्या काळात योहानिस चर्चचं गोदाम झालं आणि ऑर्गन उतरवून ठेवलेला, तो १८१६ मध्ये या गावाने उचलला. बरंच झालं म्हणायचं, कारण श्निटगरचाच ६७ स्टॉपचा (स्टॉप म्हणजे पाइपांची एक रांग) अवाढव्य ऑर्गन हॅम्बुर्गच्या सेंट निकोलाय चर्चमध्ये होता, तो १८४२ च्या आगीत खाक झाला.

आता नाटकातला ऑर्गन. तो हा नव्हे. त्यात पितळी पट्ट्या थरथरतात, म्हणजे आपल्या पेटीचीच थोरली बहीण. काप्पेलला हवा पाइपात जाते, बहुतेक पाइप बासरीच्या जातीचे, काही पाइपांत मात्र पितळी जीभ असते आणि त्यांचा आवाज सनईकडे झुकतो. बाजूची लाकडी मूठ ओढली की पाइपांची एक अख्खी रांग बोलायला लागते, तो एक स्टॉप, असे इथे ३०. ८ फुटी रांगेत सगळ्यात खालच्या सुराचा पाइप साधारण ८ फूट लांब, १६ फुटीत त्याच्या दुप्पट, म्हणून सूर एक सप्तक खाली जातो. बोटाखालची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच, मोठा हवा असेल तर आणखी मुठी ओढायच्या!

पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकतो, इथे दोन्ही हात मोकळे, शिवाय पायांनाही वेगळ्या पट्ट्या. पण वीज नव्हती तेव्हा भाता मारायला दुसरा माणूस लागायचा, तो बिचारा मागे घामाघूम, दमला की सूर बसलाच म्हणून समजा, आणि टाळ्या कुणाला हे सांगायला नकोच.

घरी बसून ऐकायचा तर हेल्मुट वाल्खा या दृष्टिहीन वादकाने १९५० च्या सुमारास याच ऑर्गनवर जर्मन संगीतकार बाखच्या रचना रेकॉर्ड केल्यात त्या शोधा. हेडफोन लावून ऐका हं, मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर निम्मे गायब होतात.