ज्वाळा विझल्यानंतर

प्रिय मित्रा,

अग्निशामक म्हणून आत शिरल्यावर, आग भडकलेली असताना तू मास्क काढणार नाहीस, याची मला खात्री आहे. काळजी वाटते ती त्यानंतरच्या वेळेची. कूलिंग, म्हणजे विझलेल्या जागेवर पाणी मारून ती थंड करणं, सुरू होतं, धूर विरळ दिसू लागतो, घामाने जीव नकोसा होतो आणि एकेक जण मास्क उतरवू लागतो. पण धुमसणाऱ्या प्लास्टिकमधून, गाद्यांमधून बेन्झीन आणि फॉर्मल्डिहाइड हे विषारी वायू निघतच असतात. इमारत जुनी असेल तर ढिगारा उपसताना ॲस्बेस्टॉसचे तंतूही उडतात. बाहेर येईपर्यंत बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर) अंगावर आणि मास्क तोंडावरच ठेव. कुणी घाई करायला लावली तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम 'गट १' मध्ये टाकलं, म्हणजे या कामामुळे कर्करोग होतो याला पुरेसा पुरावा आहे. मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसांच्या आवरणाचा, बहुधा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत तो सर्वांत ठाम आहे. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. म्हणून धास्ती घेऊ नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस.

विष फक्त श्वासातून जात नाही. काजळी मान, जबडा, मनगटं, जांघा इथल्या पातळ त्वचेतून आत शिरते आणि घामाने, उष्णतेने ते आणखी सोपं होतं. म्हणून जागेवरच, मास्क काढण्याआधी, एकमेकांचे सूट साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून घ्या. एका चाचणीत एवढ्यानेच सूटवरच्या पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बनचं (काजळीतल्या घातक रसायनांचं) प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं होतं. दोन-चार मिनिटांचं काम आहे. त्यानंतर मान आणि हात ओल्या वाइप्सने पुसायचे आणि केंद्रावर पोहोचल्यावर शक्यतो तासाभरात आंघोळ करायची. हूड, म्हणजे डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, आगीच्या दर कॉलनंतर बदल, कारण मानेला लागून तोच असतो.

काळवंडलेला सूट म्हणजे अनुभवाची खूण, असं सांगणारे भेटतील. त्यांचा मान राख, हे मात्र ऐकू नकोस. मळका सूट आगीपासून दूर गेल्यावरही वायू सोडत राहतो. तो गाडीच्या केबिनमध्ये घेऊ नकोस, झोपायच्या खोलीत नको, घरी तर मुळीच नको. पिशवीत बंद करून वेगळा धुवायला दे. गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवू देऊ नकोस. डिझेलचा धूरही त्याच 'गट १' मध्ये आहे. सिगारेट ओढत असशील तर ती सोड. मूत्राशयाला ती वेगळी इजा करते.

आजपासून एक वही ठेव: तारीख, काय जळत होतं, किती वेळ आत होतास. मेसोथेलिओमा दिसायला अनेकदा २० ते ४० वर्षं लागतात. तेव्हा आठवणीवर विसंबता येणार नाही. लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसून थांबलं तरी, डॉक्टरांकडे जा. अग्निशमनात काम करतोस हे स्वतःहून सांग, कारण तरुण वय बघून ते कदाचित विचारणार नाहीत.

तुझा,
एक जुना सहकारी