भिंग गोल, फोटो चौकोनी

भिंग गोल असून फोटो चौकोनी का, असं विचारलंस ना? लेन्स आत गोलच प्रतिमा पाडते रे. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चौकोनी चिप, त्यातला चौकोन तेवढा उचलतो, बाकीचा उजेड वाया. (कोडॅकच्या १८८८ च्या कॅमेऱ्याचे फोटो मात्र खरंच गोल असत.) आणि गोल भिंगातून वस्तूही गोलच उमटेल असं वाटत असेल, तर दुपारी खोलीतले दिवे बंद करून बहिर्वक्र भिंग खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धर, पुढेमागे कर. भिंग गोल, पण भिंतीवर खिडकी चौकोनीच उमटेल, उलटी.

खरी गोम लेन्स विकत घेताना आहे. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर ३६ × २४ मिमी, कर्ण साधारण ४३. प्रतिमेचं वर्तुळ निदान तेवढं हवंच. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरसाठीची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चढवलीस तर बहुतेक वेळा कोपरे काळे येतात. काही कॅमेरे आपणहून कडा छाटतात, मग मेगापिक्सेल घटतात. स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी लेन्स उचलू नकोस. आधी ती कुठल्या सेन्सरसाठी आहे ते विचार.