नेमबाजांचे प्रश्न : लिव्हर जड जाते, पुंगळी अडते

प्रश्न : क्लबातल्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर टोझ-३५ हे रशियन बनावटीचे .२२ चे जुने फ्री पिस्तूल (५० मीटर स्पर्धेचे, एका वेळी एकच काडतूस घेणारे) घेतले आहे. पिस्तूल उघडण्या-मिटण्याची लिव्हर फार जड चालते. पहिल्या दहाबारा गोळ्यांपर्यंत ठीक असते, मग पुंगळी (उडालेल्या काडतुसाचे रिकामे पितळी कवच) जेमतेम हलते आणि नखाने ओढून काढावी लागते. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागात, तेल सोडले की एकदोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. स्प्रिंग बदलावी का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्प्रिंगला हात लावू नका, आणि चेंबरमध्ये तेल सोडणे आजपासून बंद करा. तुमच्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आहे. पहिल्या दहाबारा गोळ्या ठीक जातात आणि नंतर अडते, म्हणजे मोडलेल्या किंवा झिजलेल्या भागापेक्षा साचलेल्या मळाचा संशय जास्त.

आधी यंत्रणा काय करते ते पाहू. तुमच्या पिस्तुलाची यंत्रणा मार्टिनी पद्धतीची आहे. चेंबर मागून बंद करणारा ठोकळा म्हणजे ब्लॉक; तो मागच्या पिनवर झुलतो आणि लिव्हर ओढली की त्याचे पुढचे टोक खाली जाते. अगदी शेवटच्या टप्प्यात तो एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) खालच्या पायावर आपटतो, मग एक्स्ट्रॅक्टरची वरची टोके पुंगळीच्या बुडाशी असलेल्या कडेला धरून मागे येतात. बोल्ट रायफलीत बोल्ट फिरवताना पुंगळी आधी सावकाश, मोठ्या जोराने सैल होते आणि नंतर बाहेर येते. तो सैल करण्याचा टप्पा मार्टिनीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे चेंबर स्वच्छ असेल तर ही यंत्रणा झकास चालते, आणि चेंबर घाण झाले की सगळ्यात आधी हीच कुरकुरते. १८८५ मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अडल्या, त्या याच दुखण्याने. तिथे पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या पुंगळ्या चेंबरमध्ये चिकटत होत्या. तुमची .२२ ची पुंगळी अखंड आहे, त्यामुळे एवढी वाईट वेळ येणार नाही.

तपासणी रिकाम्या पिस्तुलाने सुरू करा. नळी सुरक्षित दिशेला, काडतुसे दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने पाहून रिकामे असल्याची खात्री. आता लिव्हर सावकाश उघडा आणि बंद करा. जोर स्प्रिंगसारखा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा वाढत असेल तर तो मुख्य स्प्रिंगचा आहे आणि तो राहणारच. मधेच खरखर किंवा चिकटपणा जाणवला तर ब्लॉकच्या बाजूंना, पिनवर किंवा लिव्हरच्या सांध्यात वाळलेले जुने ग्रीस आहे. एका ठरावीक जागी एकदम ठोकर लागली तर मात्र भाग वाकला आहे किंवा चुकीचा बसला आहे. तिथे जोर लावू नका, पिस्तूल कारागिराकडे न्या.

रिकामे असताना हलके चालते, पण रेंजवर काडतूस घातल्यावर बंद करताना जड जाते, अशी गोष्ट असेल तर काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि ब्लॉक त्याच्या कडेवर दाब देऊन बंद होतो. हे नुसते त्रासदायक नाही, धोक्याचे आहे. .२२ च्या काडतुसात बार पेटवणारे चेतक रसायन कडेतच असते, आणि फ्री पिस्तुलाच्या चापाला वजनाची किमान अट नसल्याने बहुतेकांनी तो अगदी हलका ठेवलेला असतो. बंद होत नसेल तर ढकलू नका, उघडा. एक सूट मात्र लक्षात ठेवा : स्पर्धेच्या चेंबरमध्ये गोळी नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) किंचित रुतते, त्यामुळे शेवटच्या एकदोन मिलिमीटरला अंगठ्याचा दाब लागणे हा दोष नाही.

तिसरी शक्यता, बार उडाल्यावरच उघडताना जड जाणे. याची दोन कारणे असतात. एक तर पुंगळी चिकटली आहे. दुसरे कारण लोकांच्या ध्यानात येत नाही : कडेवर आघात करून बार उडवणारी फायरिंग पिन मागे आलेली नसते. लिव्हरच्या पहिल्या हालचालीतच पिन मागे यायला हवी. पिनच्या भोकात मळ असेल किंवा टोक खराब झाले असेल तर ती पुंगळीवरच्या खळग्यात अडकून राहते आणि ब्लॉकला खाली जाऊ देत नाही. खळग्यापासून खाली ओढल्यासारखा ओरखडा दिसला की समजावे.

म्हणून चार ताज्या पुंगळ्या भिंगाखाली धरा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि अर्धे निदान इथेच होते. कड एका जागी फाटलेली किंवा वाकलेली असेल तर एक्स्ट्रॅक्टर आपले काम करतो आहे आणि दोष चेंबरचा आहे. कडेवर नुसता गुळगुळीत घसरल्याचा माग असेल तर एक्स्ट्रॅक्टरची धार झिजली आहे. कडेवर काहीच खूण नाही आणि पुंगळीही हलली नाही, तर एक्स्ट्रॅक्टरपर्यंत ब्लॉकचा ठोका पोहोचत नाही : एक्स्ट्रॅक्टरच्या पिनचे भोक सैल झाले आहे किंवा त्याच्या खाचेत घाण भरली आहे. पुंगळीच्या अंगावर लांबट चरा असेल तर चेंबरमध्ये धातूचा कंगोरा आहे. हा कंगोरा बहुधा काडतुसाविना चाप ओढत राहिल्यामुळे होतो. पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्यातला धातू चेंबरच्या आत सरकतो.

तुमच्या बाबतीत आधी चेंबर. .२२ च्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असते. त्यात काजळी, शिशाचे कण आणि चेतक मिश्रणातली काचेची भुकटी मिसळून कडक थर होतो. पुंगळीचे तोंड जिथे संपते तिथे, म्हणजे चेंबरच्या मागच्या काठापासून साधारण १५.५ मिलिमीटर आत, याचे कडे तयार होते. पिस्तुलात कधी .२२ शॉर्ट काडतुसे वापरली असतील तर आणखी एक कडे सुमारे १०.७ मिलिमीटरवर सापडेल, कारण त्या पुंगळीची लांबी तेवढीच. मग .२२ लाँग रायफलची पुंगळी बार उडताना त्या कड्यावर फुगते आणि तिथेच अडकते.

साफसफाईआधी लाकडी मूठ काढा; सॉल्व्हंटने अक्रोडाचे लाकूड काळे पडते. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी चेंबरमध्ये घालून १५-२० मिनिटे ठेवा. नंतर .२२ चा ब्राँझ ब्रश छोट्या दांड्याला लावून चेंबरमध्ये आठदहा वेळा गोल फिरवा, पुढेमागे नुसता घासू नका. पुन्हा ओली चिंधी, पुन्हा ब्रश, चिंधी करडी निघेपर्यंत. तांबे काढणारे उग्र अमोनियाचे सॉल्व्हंट इथे निरुपयोगी आहे, गोळी शिशाची आहे. लोखंडी ब्रश, पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेले काहीही चेंबरजवळ आणू नका. नळीसाठी पुल-थ्रू (चिंधी लावून नळीतून ओढायची दोरी) घ्या आणि चेंबरकडून तोंडाकडे ओढा, म्हणजे मळ यंत्रणेत पडणार नाही. मार्टिनीत मागून सरळ गज जात नाही. तोंडाकडून गज घालायचाच झाला तर पितळी गाइड लावल्याशिवाय नको. नळीच्या तोंडाची धार एकदा झिजली की लक्ष्यावरच्या छिद्रांचे गट पसरतात आणि दोष मात्र काडतुसावर जातो.

चेंबर शेवटी कोरड्या चिंधीने पूर्ण कोरडे करा. बार उडाल्यावर पितळ चेंबरच्या भिंतीला धरून ठेवते आणि ब्लॉकवरचा जोर कमी करते. तेलकट चेंबरमध्ये ती पकड सुटते, जोर सगळा ब्लॉकवर येतो. शिवाय पुढच्या प्रत्येक गोळीची काजळी त्याच तेलात बसते. तुम्हाला दोन दिवस बरे वाटत होते ते तेलाने मळ मऊ केल्यामुळे, आणि पुन्हा बिघडत होते तेही तेलामुळेच.

मग एक्स्ट्रॅक्टर. तो नळीच्या मागच्या पृष्ठभागाशी सपाट बसला पाहिजे. खाचेत मळ असेल तर तो किंचित वर राहतो, काडतूस आत जात नाही आणि बंद करताना जड जाते. बांबूची काडी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. पोलादी सुई नको.

वंगण थोडेच हवे. ब्लॉकच्या पिनला एक थेंब, लिव्हरच्या सांध्याला एक, ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना चिंधीने पुसलेला पातळ थर. शिवणयंत्राचे चांगले तेल चालते. खोबरेल नको : ते साधारण २४ अंशांखाली थिजते, आणि डिसेंबरच्या पहाटे रेंजवर लिव्हर का जड झाली याचे कोडे पडते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, वंगण म्हणून टिकत नाही. वाळलेले रशियन ग्रीस मिनरल टर्पेंटाइनने मऊ करून पुसून काढता येते, पण चापाच्या यंत्रणेत ते ओतू नका आणि ती यंत्रणा घरी उघडूही नका.

एवढे केल्यावर पुंगळी काढताना लिव्हर एकाच सलग, निश्चयी हालचालीत उघडत जा. शेवटच्या टप्प्यातल्या ठोक्यावरच सगळे काढणे अवलंबून आहे; भीत भीत ढकलले तर स्वच्छ पिस्तुलातही पुंगळी अर्धीच येते.

प्रश्न : माझ्याही फ्री पिस्तुलात पुंगळी अडते. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचे) काडतूस वापरले तर जास्त दाबाने ती आपोआप बाहेर येईल, असे एकाने सांगितले. खरे का?
– वाचक, नाशिक

उत्तर : नाही, उलटे होईल. जोरदार काडतुसाने बाहेर फेकण्याची युक्ती अर्धस्वयंचलित पिस्तुलात चालते, कारण तिथे पुंगळीच ब्लॉकला मागे ढकलते. एकबारी पिस्तुलात ब्लॉक कुलूपबंद असतो. जास्त दाबाने पुंगळी भिंतीला अधिक घट्ट बसते, एवढाच फरक पडतो. ५० मीटरसाठी सेकंदाला सुमारे ३२०-३३० मीटर वेगाचे स्टँडर्ड किंवा मॅच काडतूसच योग्य. शंका असेल तर दोन वेगळ्या बनावटीची काडतुसे प्रत्येकी दहा, तेही साफ चेंबरमध्ये, आळीपाळीने उडवून पाहा. एकच बनावट अडत असेल तर पिस्तुलाला हात लावायची गरज नाही. सुटी काडतुसे खिशात ठेवू नका. गोळीवरच्या मेणाला धूळ चिकटते आणि ती थेट चेंबरमध्ये जाते.

प्रश्न : ड्राय फायरने (काडतुसाविना चाप ओढल्याने) चेंबरच्या काठावर खड्डा पडला आहे. गावातला लेथवाला कानशीने कंगोरा काढून देतो म्हणतो, एक्स्ट्रॅक्टरही नवा करून देईल म्हणतो. द्यावे का?
– वाचक, सातारा

उत्तर : कायद्याने नाही आणि तंत्रानेही नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो. साफसफाई तुमची, दुरुस्ती परवानाधारक कारागिराची. आणि कंगोरा कानशीने काढला की तो धातू कायमचा गेला. तिथे पुंगळीच्या कडेला आधार राहत नाही, ती फुगते किंवा फुटते. योग्य उपाय म्हणजे सरकलेला धातू पुन्हा जागेवर दाबून बसवणे. त्यासाठी चेंबरच्या मापाचे, कडक केलेले, किंचित निमुळते हत्यार असते. चेंबर दुरुस्त झाल्यावर फायरिंग पिन किती पुढे येते ते मोजून घ्यायला सांगा. .२२ च्या कडेची जाडी सुमारे १.०९ मिलिमीटर आहे. पिन त्याहून कमीच पुढे यायला हवी, नाहीतर खड्डा पुन्हा पडेल. एक्स्ट्रॅक्टर त्याच मॉडेलचा मूळ भाग मिळाला तर उत्तम, पण तोही हाताने जुळवून बसवावा लागतो. मऊ पोलादाचा नवा केलेला भाग सुरुवातीला छान चालतो आणि लवकरच धार गोल होते. कारागिराकडे जाताना पाचसहा पुंगळ्या, वापरलेल्या काडतुसाचे खोके आणि 'उघडताना जड की बंद करताना' हे एका ओळीत लिहून न्या.

प्रश्न : २०१६ नंतर ५० मीटर फ्री पिस्तूल ऑलिंपिकमधून गेले. मग या जुन्या पिस्तुलांवर खर्च करावा का?
– वाचक, पुणे

उत्तर : रिओ ही या प्रकाराची शेवटची ऑलिंपिक, हे खरे. पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो त्यानंतरही राहिला, आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉनला ओमप्रकाश मिठरवालने भारतासाठी त्यात सुवर्णपदक मिळवले. खर्च ठरवण्याआधी नळीचे तोंड, चेंबरचा काठ आणि ब्लॉकच्या पिनचे भोक पाहा. ही तीन ठिकाणे ठीक असतील तर बाकीचे सगळे दुरुस्त होते. ब्लॉकचे भोक अंडाकृती झाले असेल तर तेवढ्या पैशात दुसरे पिस्तूल शोधा.

प्रश्न : रेंजवर पुंगळी नुसती अडकलीच तर काढायची कशी?
– वाचक, ठाणे

उत्तर : ती रिकामी पुंगळीच आहे, बार उडालेला आहे, हे आधी नक्की करा. नक्की असेल तर ब्लॉक उघडा ठेवून नळीच्या तोंडाकडून पितळी गजाने हलक्या टकटकीने मागे ढकला. पिन पडली आणि बार उडाला नाही, तर पिस्तूल ३० सेकंद लक्ष्याकडेच रोखून धरा, मग उघडा. न उडालेले काडतूस आत अडकून राहिले तर गज हातातच घेऊ नका. नळी लक्ष्याकडे ठेवून रेंज अधिकाऱ्याला हाक मारा.