दार लागलं तर हवा कुठून येणार?

लोकलबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना एका निवृत्त मोटरमनची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा डोंबिवलीहून सकाळच्या फास्टने दादरला जातो. मुंब्र्याच्या अपघातापासून तो पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. आता साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं लावणार म्हणतात. एवढ्या गर्दीत दार लागलं तर माणसं गुदमरणार नाहीत का? आणि आज जी बाहेर लटकतात ती जाणार कुठे?
– एक आई, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, ९ जून २०२५ च्या त्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना पार करत होत्या. एक कसाऱ्याकडे निघालेली, दुसरी सीएसएमटीकडे. फूटबोर्डवरची माणसं पडली, काहींचे जीव गेले. मी ३१ वर्षं मोटरमन होतो. समोरून भरलेली गाडी आली की दारादारातून बाहेर आलेली डोकी आणि पाठीवरच्या फुगलेल्या सॅक मला कॅबमधून दिसायच्या. हात हॉर्नवर जायचा, पण हॉर्नने माणूस आत जात नाही, आत जागाच नसते. वळणावर तर धोका वाढतो. डबा सुमारे २० मीटर लांब आणि सरळ, रूळ मात्र वाकलेला. त्यामुळे डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या अंगाला सरकतो आणि टोकं बाहेरच्या अंगाला येतात. शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर तेवढं कमी होतं. सरळ मार्गावर ज्याची सॅक निभावली, त्याची वळणावर निभावेलच असं नाही.

म्हणून दारं हवीतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एसी लोकलमध्ये ती आहेतच. २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल सुटली तेव्हापासून मुंबईने ती पाहिली आहेत. दार पूर्ण लागल्याशिवाय गाडी हलत नाही.

हवेची भीती मात्र अगदी रास्त. आपल्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. घरातली एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा डोळ्यांपुढे आणा आणि त्यावर एवढी माणसं उभी करा. अशा डब्याला उघडं दार हीच मोठी खिडकी असते. म्हणूनच अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकलसाठी तीन गोष्टी सांगितल्या : दारांना झडपांसारख्या फटी, छपरावरून ताजी हवा आत ढकलणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आज मधल्या डब्यात चेंगराचेंगरी आणि टोकाच्या डब्यात जरा उसंत असली, तरी चालत्या गाडीत कुणाला तिकडे जाता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला जास्त छळतो, कारण लटकणारी माणसं दार लागल्यावर फलाटावर राहणार. त्यात वेळेचा हिशेब बघा. सीएसएमटी ते कल्याण स्लो गाडीला मधली २४ स्टेशनं लागतात. प्रत्येक ठिकाणी दार लागायला १० सेकंद जास्त गेले तरी गाडी चार मिनिटं मागे पडते. गर्दीच्या वेळी मागची गाडी जेमतेम तीन मिनिटांवर असते. म्हणजे मागे रांग लागली, पुढच्या फलाटावर गर्दी दुप्पट झाली आणि दार लागायला आणखी उशीर झाला.

यावर मला दिसणारा सगळ्यात जवळचा मार्ग १२ डब्यांच्या १५ करण्याचा. तेवढ्याच वेळेत, त्याच मार्गावरून एक चतुर्थांश जास्त माणसं जातात. अडतं ते फलाटांच्या लांबीशी. दुसरं, मेल-एक्स्प्रेसना वेगळे रूळ. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत ते काम अजून व्हायचं आहे. दारं आणि या दोन गोष्टी बरोबरीने झाल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

तोवर मुलाला माझा निरोप द्या. सॅक पाठीवर नको, पोटाशी किंवा रॅकवर. दिवा सुटलं की दारातून आत सरकायचं, ठाणं येईपर्यंत बाहेर डोकं काढायचं नाही. आणि चढता येत नसेल तर ती गाडी सोडायची, साहेबांना उशिराचं कारण मी लिहून देतो म्हणावं.

प्रश्न : ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा लोकलला लागली तर मोटरमनचं काम संपेल का?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : नाही. मुंबईच्या लोकलमध्ये पूर्वीपासून एक इशारा यंत्रणा आहे. सिग्नल पिवळा असला की कॅबमध्ये सूचना येते, मोटरमनने बटण दाबून पोच द्यायची. दिली नाही तर ब्रेक लागतो. ‘कवच’ याच्या पुढे जातं. रुळांमध्ये बसवलेल्या टॅगवरून गाडीला आपण नेमके कुठे आहोत ते कळतं, स्टेशनशी रेडिओवरून बोलणं चालू असतं आणि वेग जास्त आहे असं दिसलं की यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. दाट धुक्यात किंवा आपल्याकडच्या जुलैच्या पावसात सिग्नल पुसट दिसतो, तेव्हा असा सोबती कॅबमध्ये असावा असं मला फार वाटायचं. पण फलाटाच्या कडेला वाकलेलं माणूस ओळखणं, गार्डच्या दोन बेल ऐकून निघणं, हे माणसाचंच काम आहे.

प्रश्न : लोकलमध्ये मध्येच पंखे आणि दिवे का जातात?
– एक आजोबा, मुलुंड

उत्तर : आजोबा, तो बिघाड नसतो. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि वेगवेगळ्या सबस्टेशनांतून येतात. दोघांची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून मध्ये तारेचा छोटा तुकडा निर्जीव ठेवलेला असतो. तिथे गाडी आपल्या वेगावरच सरकते, पलीकडे गेली की पंखे फिरू लागतात. तुम्ही तरुणपणी पाहिलेली लोकल १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती त्याच विजेवर, आणि हार्बरवर ती वीज २०१६ पर्यंत होती.